मॅक्सीनच्या पर्समधलं रिव्हॉल्व्हर

७ ऑक्टोबर, सोमवार

तुल्साच्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलंय: बायको मॅक्सीन काय काय विसरते ते रोज लिहून ठेवा. आमच्या रॉन्डाने, म्हणजे मुलीने, लगेच ही वही आणून माझ्या हातात कोंबली. मी जन्मभर तेलविहिरींचे पंप तपासत हिंडलेला माणूस, लिहिणं म्हणजे काय ते टाकी भरली की नाही एवढंच. पण सांगितलंय तर लिहितो.

तर आज मॅक्सीन ओव्हन बंद करायला विसरली आणि मक्याच्या ब्रेडचा कोळसा झाला. कोळसा मी पण करतो. माझ्यासाठी कुणी वही आणत नाही.

याच्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या घराभोवती कुणीतरी माणूस घिरट्या घालतोय. मॅक्सीनने सकाळी कॉफी ओतता ओतता सांगितलं. काल संध्याकाळी शेडपाशी उभा होता म्हणे.

"कसा होता?" मी विचारलं.

"म्हातारा. पण काटक. तपकिरी जाकीट होतं."

"अगं, अर्ध्या काउंटीकडे तपकिरी जाकीट आहे. माझंच आहे."

"तू होतास कुठे?"

"कुंपणाची तार ओढत होतो, शेडच्या मागे."

"बघ ना, नेमका तू नसतानाच येतो मेला," ती म्हणाली.

९ ऑक्टोबर, बुधवार

शेरीफच्या ऑफिसातून कोडी आला होता. मॅक्सीन शाळेच्या जेवणघरात वाढायची तेव्हा हा पोरगा दोनदा दोनदा रांगेत यायचा. आज कमरेला बिल्ला लावून अंगणभर फिरला आणि डोकं खाजवत परत आला.

"मिस्टर स्टब्स, इथे तुमच्याच बुटांचे ठसे आहेत. दुसरे एकाचेही नाहीत."

म्हणजे चोर पक्का आहे. माझ्या पावलावर पाऊल ठेवून चालतोय. मी कोडीला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "रॉन्डा येऊन जाऊन असते ना?" याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही.

मॅक्सीन म्हणते, हा माणूस सप्टेंबरपासून दिसतोय, आधी बोलले नाही इतकंच. सप्टेंबर मला चांगला आठवतो. ओठावरचा डाग काढायचा म्हणून कातडीच्या डॉक्टरने माझी मिशी उतरवली. लग्नाच्या आधीपासूनची मिशी. मॅक्सीन मला दारात बघून आधी दचकली, मग पोट धरून हसली. पिसं काढलेल्या कोंबडीसारखा दिसतोस म्हणाली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज दुपारी मॅक्सीनने झोपायच्या खोलीच्या दाराला खुर्ची लावून घेतली. मी बाहेरून ठोकलं तर आतून आवाज नाही. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली आणि ती म्हणाली, "तू आहेस होय." हात बर्फासारखे गार होते.

ही बाई घाबरणाऱ्यातली नाही. चक्रीवादळात छप्पर उडालं तेव्हा तळघरात बसून हिने पत्ते पिसले होते. खुळखुळ्या साप कोयत्याने तोडायची आणि पुन्हा सफरचंदाच्या पायचं सारण भरायला बसायची. शनिवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बायकांना पिस्तुल चालवायला शिकवायची. स्वतःचं पिस्तुल मात्र गेल्या वर्षी रॉन्डाला देऊन टाकलं. अंगठ्याचे सांधे धरलेत, त्यामुळे पिस्तुलाचा वरचा पत्रा मागे ओढता येत नाही. तेव्हा एका शब्दाने कुरकुरली नाही.

तिला अशी घाबरलेली मला बघवत नाही. मी काही गस्त घालायला चोवीस तास जागा राहू शकत नाही. एक लहान रिव्हॉल्व्हर आणायचं ठरवलंय. ओढायला पत्रा नाही, पर्समध्ये मावेल, चाप दाबला की काम झालं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

रॉन्डाचा फोन. रिव्हॉल्व्हरचं सांगितलं.

"डॅडी, मॉमला बंदूक? आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? तो माणूस घरात घुसल्यावर?"

"डॅडी, तो माणूस... तुम्ही त्याला पाहिलाय का?"

"मी पाहिला असता तर तो आत्ता शेरीफकडे असता!"

मग ती रडायला लागली. शहरात राहून माणसं हळवी होतात. हिला बंदूक धरायला कुणी शिकवलं, तर आईनेच. मी म्हटलं, रडू नकोस, मी आहे ना आईजवळ. तर आणखीच रडली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस झकास गेला. डॉक्टरीणबाईंनी आज आमच्या बरोबर यायला हवं होतं.

मॅक्सीनने निळा कोट घातला, लिपस्टिक लावली. डेल्मरच्या बंदुकांच्या दुकानात शिरली ती थेट काचेच्या कपाटापाशी. डेल्मरने सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं काढलं आणि गोळ्यांचं चक्र बाहेर पाडून, रिकामं आहे हे दाखवून तिच्या हातात दिलं. तरी तिने प्रत्येक भोकात बोट घालून बघितलंच. मग तळहातावर तोलून नाक मुरडलं.

"डेल्मर, बायकांना हे विकणं बंद कर बाबा. हलकं म्हणून घेतात. पहिल्याच गोळीला मनगट असं काही झिणझिणतं की पुन्हा सरावाचं नाव काढत नाहीत. मग पडून राहतं पर्सच्या तळाशी, च्युइंगमच्या कागदांबरोबर."

"हे मला तूच शिकवलंस, मॅक्सीन."

"मग शिकला का नाहीस?"

दुकानातले दोघं-तिघं हसायला लागले. दुसरं रिव्हॉल्व्हर दिसायला देखणं होतं, पण त्याचा घोडा मागून शिंगासारखा वर आलेला. मॅक्सीनने ते पर्समध्ये टाकलं आणि झटकन काढलं, तर घोड्यात अडकून रुमाल बाहेर आला. "चोराला काय रुमाल देऊ?" म्हणाली. तिसरं अख्खं पोलादाचं, हातात भरेल असं, घोडा आत झाकलेला, रबरी मूठ जरा जाड. तिने नळी जमिनीकडे करून रिकामा चाप दाबला. एकदा, पुन्हा एकदा. दुखरं बोट, पण कपाळावर आठी नाही.

"हे," ती म्हणाली. "आणि गोळ्या मऊ दे, मोठ्या आवाजाच्या नकोत."

"पाचच गोळ्या बसतात यात," मी म्हटलं.

"पाचात नाही भागलं तर सहावीने काय उजेड पडणार आहे? आता तुझा नेम असता तर सहाशे घेतल्या असत्या!"

मी पण हसलो. किती महिन्यांनी तिला असं पाहिलं. प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे आठवत होती. मला आतून वाटलं, हिला काही झालेलं नाही, भीतीने डोकं भणभणलंय इतकंच. भीती गेली की होईल सगळं ठीक.

निघताना डेल्मरने मला गोळ्यांच्या मांडणीमागे ओढलं. "वेंडल, ती कुणाला घाबरते रे?"

सांगितलं सगळं.

"तिच्याशिवाय कुणी पाहिलाय त्याला?"

माझं डोकं सटकलं. "तू विकतोयस की मी मस्कोगीच्या दुकानात जाऊ?"

विकलं त्याने, माझ्या नावावर. पण तोंड कडू करून. पिशवी हातात देताना म्हणाला, "जपून राहा."

"सांगतो तिला."

"तिला नाही. तुला म्हणतोय मी."

हा डेल्मर पहिल्यापासूनच आडवळणाने बोलणारा. गाडीत मॅक्सीन म्हणाली, "भला माणूस आहे. कुठला राहणारा?" डेल्मर तिचा मामेभाऊ. डॉक्टरीणबाईंसाठी लिहितो, आज एवढं एक विसरली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मागच्या कुरणात सराव. मी कुंपणाच्या खांबांवर कॉफीचे डबे मांडले. मॅक्सीनने पाचही पाडले. माझ्या वेळी डब्यांना वाराही लागला नाही. ती मागून आली, माझं कोपर धरलं, हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली आणि म्हणाली, "श्वास सोड, गाढवा." थोडा वेळ तसेच उभे राहिलो दोघं. मी मुद्दाम आणखी एक चुकवली.

नंतर पर्समधून काढायचा सराव. ती हॉलमध्ये शिकवायची तसंच मला सांगत होती. पर्स खांद्याला, हात पर्सच्या आत. चेहरा हसरा, बोलणं गोड, हात आतच. एकदा सांगायचं, थांबा. दुसऱ्यांदा सांगायचं नाही.

घरी आल्यावर मी रिव्हॉल्व्हर साफ केलं. तिने गोळ्या झाडायच्या आणि मी साफ करायचं, ही लग्नापासूनची वाटणी. दर शनिवारी तिचं शिकवणं संपलं की मी तेलाची बाटली घेऊन बसायचो.

२ नोव्हेंबर, शनिवार

तो माणूस पुन्हा दिसतोय, आणि आता जास्तच. मी संध्याकाळी टॉर्च घेऊन शेड, कोठार, ओढ्यापर्यंत सगळं पालथं घालून येतो आणि दारात पाऊल टाकतो तर मॅक्सीन सांगते, आत्ताच टॉर्च घेऊन फिरत होता! म्हणजे मी एका बाजूला असतो तेव्हा हा दुसऱ्या बाजूला. मी फेऱ्या वाढवल्या तर त्याच्याही वाढल्या. कोडगा आहे.

"आज डोक्याला नारिंगी टोपी होती त्याच्या," ती म्हणाली.

हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत. या मोसमात नारिंगी टोपी नसलेला माणूस दाखवा. मी माझी खुंटीला अडकवली आणि जेवायला बसलो.

जेवताना मला म्हणाली, "मिस्टर, जरा मीठ सरकवता?" मी पण खालच्या आवाजात म्हटलं, "घ्या ना, मॅडम." लग्नाआधी मी तिच्या बापाच्या घरी पहिल्यांदा जेवलो तेव्हा आम्ही असंच बोललो होतो. मला वाटलं, तिला तेच आठवलं. ती मात्र हसली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

मॅक्सीन आता पर्स घरातही खांद्यावरून काढत नाही. कणीक मळताना, टीव्हीसमोर, न्हाणीघरात जाताना. पण खुर्ची दाराला लावणं बंद झालंय. हात गार पडत नाहीत. काल मला म्हणाली, "आता येऊ दे त्याला."

रॉन्डा पुन्हा तेच तेच बोलते. म्हणते, डॅडी, निदान गोळ्या तरी काढून ठेवा. मी म्हटलं, गोळ्या काढल्यावर ते काय वजनाला ठेवायचं? एवढ्या वर्षांच्या संसारात मी बायकोसाठी फार काही केलेलं नाही. हे एक केलं, आणि ते बरोबर केलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हे आजच लिहायला हवं.

सकाळी दहाच्या सुमारास लाकडं घेऊन मागच्या दाराने आत आलो. मॅक्सीन ओट्यापाशी बिस्किटांची कणीक लाटत होती. वळली. डावा हात पिठाने पांढरा. उजवा पर्समध्ये.

ती हसत होती. चेहरा इतका गोड की मी पण हसलो.

"थांबा, मिस्टर," ती म्हणाली.

"मॅक्सीन, अगं, मी आहे."

"नावसुद्धा माहीत करून घेतलंत." आवाज अजून गोडच होता. "आमच्या खुर्चीत बसता, आमच्या कपात कॉफी पिता. सगळं बघतेय मी. माझा नवरा कुंपणापाशी गेलाय, आत्ता येईल. तो भांडकुदळ नाही, नेमही त्याचा भिकार आहे, पण मला कुणी त्रास दिलेला त्याला खपत नाही."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तिथे मी नव्हतो.

तेव्हा कळलं. तपकिरी जाकीट, टॉर्च, टोपी, बुटांचे ठसे. मी दीड महिना रोज संध्याकाळी स्वतःला हुडकत फिरत होतो. तिच्या खुर्चीमागची भीती मीच. आणि त्या भीतीसाठी रिव्हॉल्व्हर आणून दिलं, ते पण मीच. डेल्मरला कळलं, कोडीला कळलं, माझ्या पोरीला तर कधीचं कळलं होतं. मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचंच नव्हतं.

गोळीची भीती वाटली नाही असं लिहिणार होतो. वाटली. पण त्याहून जास्त ही भीती वाटली की गोळी लागेल, मी पडेन, आणि मग तिला मी आठवेन.

लाकडं खाली ठेवली, सावकाश. हात तिला दिसतील असे धरून मागे मागे सरकत बाहेर पडलो. मागच्या पायरीवर बसलो. किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. रडलो, हे ठाऊक आहे.

मग जाकीट काढलं, टोपी काढली, तोंड धुतलं आणि घराला वळसा घालून पुढच्या दारी गेलो. घंटी वाजवली. स्वतःच्या घराची घंटी मी आयुष्यात वाजवली नव्हती. आवाज कसा आहे हेही माहीत नव्हतं.

तिने दार उघडलं. हात पर्समध्येच.

"मॅडम, मला वेंडलने पाठवलंय."

तिचा सगळा चेहरा उजळला. "कुठे आहे तो?"

"कुंपणाचं काम लांबलंय. म्हणाला, मॅक्सीनचं रिव्हॉल्व्हर साफ करायचंय, घेऊन ये."

"आज शनिवार का?"

"शनिवार."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "शनिवार तो चुकवत नाही."

तिने रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. नळी जमिनीकडे. चक्र बाहेर पाडलं, पाचही गोळ्या तळहातावर ओतल्या, एकेका भोकात बोट फिरवून पाहिलं, आणि उघडं चक्र माझ्याकडे करून मूठ माझ्या हातात दिली. परक्या माणसाला बंदूक द्यायची तर अशी द्यायची, हे तिने अर्ध्या काउंटीला शिकवलंय. आज मला तशी दिली.

"आत या ना," ती म्हणाली. "बिस्किटं होतायत. आणि बाहेर जपून असा हं, एक माणूस फिरतोय इथे."

१७ नोव्हेंबर, रविवार

शेजारीण मॅक्सीनपाशी बसली तेवढ्यात रिव्हॉल्व्हर आणि घरातल्या दोन्ही रायफली डेल्मरकडे ठेवून आलो. त्याने त्या तिजोरीत ठेवल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. रॉन्डाला फोन लावला, पण मला बोलता येईना. तिला समजलं. म्हणाली, "येते मी, डॅडी."

डॉक्टरीणबाईंसाठी: काल मला विसरली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

रॉन्डाने टर्की भाजली, पेकनचे दाणे घातलेलं गोड पायही केलं. मॅक्सीनने रॉन्डाला लगेच ओळखलं, केस फार कापलेस म्हणून रागावली. सकाळी मलाही ओळखत होती. कॉफीचा कप देताना वेंडल म्हणाली. त्या एका हाकेवर मी दुपारपर्यंत तरंगत होतो.

जेवण झालं, रॉन्डा भांडी धुवायला लागली आणि आम्ही दोघं व्हरांड्यात उन्हात बसलो. मॅक्सीनने माझ्याकडे वळून, पाहुण्याशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "तुम्ही वेंडलबरोबर काम करता ना?"

"हो."

"चांगला माणूस आहे माझा नवरा. तुमचं पटेल त्याच्याशी."

"ऐकून आहे," मी म्हटलं.

"चिडका आहे जरा. आणि ऐकत नाही कुणाचं. पण मला भीती वाटली ना, की सगळं टाकून धावत येतो." ती रस्त्याकडे बघत राहिली. "येईल ना हो तो?"

"येईल."

तिने मान डोलावली. मग माझ्या बोटातल्या अंगठीकडे तिचं लक्ष गेलं. "तुमची बायको कुठे असते?"

"घरी."

"एकटी?"

म्हटलं, "हो. हल्ली जरा एकटी पडलीय."

"मग इथे काय करताय?" ती म्हणाली. तिने माझा हात धरला, दुखऱ्या अंगठ्याने दाबला. "सणाचा दिवस आहे. जा तिच्याकडे. घाबरत असेल ती एकटी."

मी म्हटलं, "जातो."

आणि तिचा हात हातात धरून तिथेच बसून राहिलो.